माता व बाल संरक्षण कार्ड बदलताना ते भरणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्यांना विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून बीड जिल्ह्यातील उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीस वर्षांहून अधिक काळ काम करून मी निवृत्त झाले. एवढ्या काळात माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा भरले गेलेले कागद म्हणजे गरोदर बाईला नोंदणीच्या वेळी दिली जाणारी कार्डे. त्यातल्या माता व बाल संरक्षण कार्डाच्या नमुन्यात बदल कोण करते, कोणाला विचारून करते आणि त्या बदलाचे उत्तरदायित्व कोणावर असते, या प्रश्नाकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन्ही खात्यांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे कार्ड एका खात्याचे नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने आणि महिला व बालविकास मंत्रालयाने 2010 मध्ये ते संयुक्तपणे आणले. उपकेंद्राचे कार्ड वेगळे आणि अंगणवाडीचे वेगळे असण्यापेक्षा आई आणि मूल या दोघांची नोंद एकाच कागदावर असावी, हा विचार योग्यच होता आणि आजही योग्य आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन व लसीकरण आरोग्य सेविका लिहिते, अंगणवाडी सेविका मुलाचे वजन आलेखावर मांडते, आशा घरी जाऊन त्याच कार्डावरची चित्रे दाखवून समजावते, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर तपासणीची नोंद करतो, आणि खासगी प्रसूतिगृहात गेलेल्या बाईकडे पूर्वीची माहिती सांगणारा बहुधा हाच एक कागद असतो. या सगळ्यांच्या हातून फिरलेले कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते ती आई. कार्ड इतक्या जणांचे आहे, पण ते बदलण्याचा निर्णय होतो तेव्हा यांच्यापैकी कोणीही त्या खोलीत नसते.

आमच्या भागात या कार्डाचे महत्त्व किती, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित लक्षात येणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या किंवा कर्नाटकातल्या बेळगाव भागातल्या कारखान्यांच्या फडांवर राहतात. तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे नोंदणी झालेली बाई सातव्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात असते. तिथल्या सेविकेने तिला पूर्वी कधी पाहिलेले नसते. अशा वेळी बाईच्या तोंडची माहिती आणि हातातले कार्ड एवढाच आधार असतो. बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत लक्षात घेतली, तर ऊसतोडीच्या बाहेरही हीच परिस्थिती असंख्य घरांत असते.

एका वर्षी आमच्याकडे आलेल्या नव्या छपाईत जोखमीच्या नोंदीची जागा पहिल्या पानावरून आतल्या पानावर गेली. आधीची कार्डेही वापरात होतीच, त्यामुळे काही महिने दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालत राहिले. कोणता नमुना कोणत्या महिन्यापासूनचा आहे, हे कार्डावर कुठेच छापलेले नव्हते. माझ्या क्षेत्रातली एक बाई, जिचे हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्याही खाली होते, कळा सुरू झाल्यावर फडाजवळच्या रुग्णालयात पोहोचली. तिथे जुन्या नमुन्याच्या सवयीने पहिले पान पाहिले गेले, ते रिकामे होते आणि आत लाल शाईने लिहिलेली नोंद कोणी उघडून पाहिली नाही. रक्ताची सोय करण्यास उशीर झाला. ती वाचली, तिचे बाळही वाचले, परंतु त्या रात्री काय घडले हे तिच्या सासूने मला सांगितले तेव्हापासून मी कार्डाकडे निव्वळ कागद म्हणून पाहिलेले नाही. त्या रुग्णालयातल्या सेविकेचा दोष मला दिसत नाही. नोंदीची जागा बदलणाऱ्याने ती नोंद घाईच्या वेळी वाचणाऱ्याला विचारले नव्हते, हे मात्र दिसते.

बदल करूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. धनुर्वाताच्या टीटी लसीच्या जागी धनुर्वात-घटसर्पाची टीडी आली, गोवराच्या लसीऐवजी गोवर-रुबेला आली, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलच्या लसी वाढल्या, जानेवारी 2023 पासून नवव्या महिन्यात पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस सुरू झाला. प्रत्येक वेळी जुन्या कार्डावर रकाना नव्हता म्हणून आम्ही समासात हाताने लिहीत राहिलो. गावोगावच्या सेविकांनी आपापल्या सोयीने वेगवेगळ्या कोपऱ्यांत लिहिले, आणि मूल दुसऱ्या गावी गेल्यावर तो डोस दिला आहे की नाही, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पूर्ण कार्ड नव्याने छापण्यास वेळ लागतो हे समजते. पण नव्या लसीसाठी सर्व जिल्ह्यांत एकसारखी, एकाच जागी चिकटवण्याची पट्टी देणे अवघड नव्हते. हे एखाद्या सेविकेने पहिल्याच बैठकीत सुचवले असते.

जन्म-मृत्यू नोंदणीचे नमुने नियमांचा भाग असतात, ते बदलायचे तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तो बदल कोणी, केव्हा केला हे कोणालाही शोधता येते. आरोग्याच्या कार्डाला आणि नोंदवह्यांना तो दर्जा नाही. परिपत्रक निघते, गठ्ठे येतात आणि एक दिवसाचे प्रशिक्षण होते. प्रशिक्षणात कोणी अडचण सांगितली तर ‘आता छपाई झाली आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर देणारा अधिकारीही बिचारा खरेच बोलत असतो, कारण त्यालाही कोणी विचारलेले नसते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे ठरवताना व निर्णय जाहीर करताना संबंधित तथ्ये आपणहून प्रसिद्ध करणे आणि निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. केंद्राने 2014 मध्ये कायद्यांच्या मसुद्यांसाठी किमान 30 दिवस लोकांची मते मागवण्याचे धोरण ठरवले. कार्ड म्हणजे कायदा नव्हे, हे मान्य. तरीही लाखो बायांच्या हातात जाणाऱ्या कागदासाठी तेवढे 30 दिवस देण्यास कोणती अडचण आहे?

माझी सूचना अशी आहे की, राज्याच्या पातळीवर आरोग्य सेवा आयुक्तालय आणि एकात्मिक बाल विकास सेवा योजना आयुक्तालय यांनी संयुक्त नमुन्यांसाठी एक कायमस्वरूपी समिती नेमावी, तिचे उत्तरदायित्व दोन्ही खात्यांतल्या एकेका पदावर स्पष्टपणे ठेवावे, आणि आशा, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका, महानगरपालिकांचे आरोग्य विभाग व खासगी प्रसूतिगृहे यांचे प्रतिनिधी तिच्यावर मताचा अधिकार असलेले सदस्य म्हणून असावेत. निमंत्रित म्हणून बोलावून मागच्या रांगेत बसवणे म्हणजे सल्लामसलत नव्हे. केंद्राच्या नमुन्यात राज्याला फेरफार करता येत नसेल तेथे याच समितीने आपले म्हणणे लेखी केंद्राकडे पाठवावे. मसुदा मराठीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावा आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसमोर ठेवावा. जी सूचना स्वीकारली नाही, ती का स्वीकारली नाही याची एक ओळ तरी प्रसिद्ध करावी. मंजूर झालेल्या प्रत्येक कार्डावर आवृत्तीचा क्रमांक व महिना ठळक छापावा. एवढी एक गोष्ट तेव्हा झाली असती, तरी फडाजवळच्या त्या रुग्णालयात कोणाला तरी आतले पान उघडावेसे वाटले असते.

सर्वांत आधी विचारायला हवे ते आईला, आणि तिला वेगळे, एकटीला विचारायला हवे. कार्ड घरात सासू, नवरा, दीर सगळे पाहतात. एचआयव्ही चाचणीचा निष्कर्ष, आधीचा गर्भपात, आधी दगावलेले मूल या नोंदी उघड लिहाव्यात, खुणेने लिहाव्यात की कार्डावर लिहूच नयेत, हे ठरवताना डॉक्टरांच्या सोयीइतकाच तिच्या घरातल्या आयुष्याचा विचार व्हायला हवा. एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्याने ही गोपनीयता तिला दिलेलीच आहे. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की आमच्याकडच्या कितीतरी बाया ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी’ असे सांगतात. कार्डाच्या त्या रकान्याजवळ सणाचे नाव लिहायला थोडी जागा असती, तर तारीख लावताना होणाऱ्या चुका दुसऱ्या सेविकेला तपासता आल्या असत्या. मेळघाटातल्या कोरकू आईला किंवा धडगावच्या भिलोरी बोलणाऱ्या आईला कोणते चित्र उमगते आणि कोणते नाही, हे तर तिथे गेल्याशिवाय कळणारच नाही.

रकान्यांच्या संख्येबद्दलही बोलले पाहिजे. एकाच मुलाचे एकच वजन कार्डावर, अंगणवाडीच्या नोंदीत, सेविकेच्या नोंदवहीत आणि मोबाइलवर लिहिले जाते. 2021 मध्ये अंगणवाडीची माहिती भरण्याच्या पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपच्या इंग्रजीमुळे आणि निकृष्ट हँडसेटमुळे राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते काम टाळण्यासाठी नव्हते. न वाचता येणाऱ्या भाषेत मुलांची खरी माहिती भरता येत नाही, हे सांगण्याचा तो शेवटचा मार्ग उरला होता. नवा रकाना घालणाऱ्याने तो कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हे समितीपुढे लेखी मांडावे. ज्याचे उत्तर नसेल तो रकाना काढून टाकावा.

चाचणी न घेता नवे कार्ड राज्यभर जाऊ नये. एक आदिवासी तालुका, एखाद्या शहरातला एक प्रभाग आणि आमच्याकडचा एक ऊसतोडीचा तालुका निवडावा. टोळ्या दसऱ्यानंतर निघण्यापूर्वी गरोदर बायांना मसुद्याचे कार्ड द्यावे, आणि पाडव्याच्या सुमारास त्या परत आल्यावर तीच कार्डे त्यांच्यासमोर बसून उघडावीत. कोणत्या रुग्णालयाने काय लिहिले, काय वाचले, कोणते पान कोरे राहिले आणि कोणते घडीवर फाटले, हे तिथे दिसेल. त्यानंतरच छपाईचा आदेश निघावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका, जि. बीड