सूचना : न्यूरल नेटवर्क सिद्धांतातील पोस्टडॉक

नमस्कार मंडळी,
पीएचडी हातात आलेल्या सभासदांनी पोस्टडॉकचे (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-पदाचे) अर्ज आत्ताच सुरू करावेत. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत एरवी सप्टेंबरात संपते, पण तिथला मार्गदर्शक आधी राजी करावा लागतो. त्यातच महिने जातात.

प्रस्ताव नेमका हवा. न्यूरल नेटवर्क म्हणजे थरांत जोडलेल्या साध्या गणन-घटकांची रचना; आदान आणि उत्तर यांच्या मधला थर तो लपलेला थर. १९८९ मध्ये गणितज्ञ जॉर्ज सायबेन्को यांनी दाखवलं की एकाच लपलेल्या थराचं नेटवर्क, त्या थरात पुरेसे घटक असतील तर, बंद आणि मर्यादित क्षेत्रावरचं कुठलंही संतत (कुठेही न तुटणारं) फलन (फंक्शन) हवं तितकं जवळून गाठू शकतं. मात्र प्रशिक्षणातून, म्हणजे उदाहरणांवरून जोडण्यांचे आकडे सुधारत जाऊन, असं नेटवर्क सापडतं कसं, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. खरं काम तिथंच आहे; गणितवाल्यांनी मुळीच बिचकू नये.

रविवारी सकाळी १० वाजता धरमपेठेतल्या नेहमीच्या खोलीत मसुदे वाचू. छापील प्रत आणा, समास रुंद ठेवा. पेन्सिलीने तिथंच दुरुस्त्या करू.