वाचनाची दहा मिनिटं सुरुवातीला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून, शाळेच्या फलकांवरून आणि पाहुण्यांच्या भाषणांतून मुलांना एकच सल्ला मिळतो : ताण घेऊ नका. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मुलांच्या पदरात त्यातून काही पडत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ताण काही ठरवून घेतलेला नसतो, मग तो ठरवून सोडणार कसा? प्रश्नपत्रिका कशी काढायची, ती मुलाच्या हातात केव्हा द्यायची, वर्गात गणित कोणत्या पायऱ्यांनी पुढे न्यायचं, हे मात्र सगळं मोठी माणसं ठरवतात. भीती कमी करायची तर ती तिथे करता येते. म्हणूनच दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका नुसती वाचायला सुरुवातीची दहा मिनिटं द्यावीत, असं मी या पत्रात सुचवते आहे; भीतीने गणित कसं बिघडतं, ते आधी सांगते. सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले, त्यामुळे उदाहरणं गणिताचीच देते.

४७ आणि ३८ यांची तोंडी बेरीज घ्या. सात नि आठ पंधरा, पाच ठेवले, हातचा एक. हा हातचा कागदावर नसतो. तो मनात धरून ठेवायचा, तेवढ्यात चार नि तीन मिळवायचे आणि मग तो त्यात टाकायचा. २००१ साली मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या अमेरिकी संशोधकांनी नेमकी हीच जागा तपासली. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली, मध्ये एक बेरीज करायला दिली आणि नंतर ती अक्षरं विचारली. बेरजेत हातचा आला आणि डोक्यात धरायची अक्षरंही जास्त असली, की गणिताची धास्ती असलेल्यांच्या चुका इतरांपेक्षा कितीतरी वाढल्या. हातचा नसलेल्या सोप्या बेरजेत एवढा फरक नव्हता. एका वेळी मनात थोडंच मावतं. ‘नापास झालो तर’, ‘बाबा काय म्हणतील’ हे विचार हातच्याच्याच जागेवर येऊन बसतात, मग हातचा सुटतो. आपण म्हणतो, पोराला गणित येत नाही म्हणून तो घाबरतो. पुष्कळदा तो घाबरल्यामुळे त्याला येत असलेलं गणितही चुकतं, आणि चुकलं की पुढच्या वेळी भीती आणखी वाढते.

धाक असल्याशिवाय पोरं शिकत नाहीत, असं मानणारे आजही कमी नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली, तरी हा समज गेलेला नाही. यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केला. पांढऱ्या आणि काळ्या खोक्यांतून पांढरं निवडायचं, काळ्यात शिरलं की विजेचा झटका. दोन्ही खोक्यांतला फरक ठळक होता तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. उजेड कमी-जास्त करून फरक ओळखणं अवघड केलं, तेव्हा जोरदार झटका घातक ठरला आणि सौम्य झटक्याने काम जास्त चांगलं झालं. मुलं म्हणजे उंदीर नव्हेत, पण वर्गात मी वर्षानुवर्षं पाहिलं ते याहून वेगळं नाही. धाकाने पाढे पाठ होतात, सूत्रं पाठ होतात. त्याच धाकात शाब्दिक उदाहरण समोर आलं, की मुलगी अंक तेवढे उचलते आणि सुचेल ती क्रिया करून टाकते. बेरीज करायची की गुणाकार, हे ठरवायला लागणारी स्वस्थता तिच्याजवळ उरलेली नसते. पाढे म्हणून दाखवणारा वर्ग पाहून आपण धाकाला श्रेय देतो आणि शाब्दिक उदाहरणात तोच वर्ग अडला की दोष मुलांना देतो.

काम कसं मांडलं आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यांवर माल विकणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि नारळ वगैरे घेताना हिशेब विचारत राहिले. मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर तीच आकडेमोड नुसत्या अंकांत मांडून कागदावर दिली, तर जेमतेम ३७ टक्के बरोबर. मुलं पाचच होती, म्हणून त्यावर मोठा डोलारा उभा करू नये. पण २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या पुष्कळ मोठ्या संख्येच्या मुलांवरचा अभ्यास आला आणि चित्र तेच दिसलं. तिथे उलट बाजूही तपासली होती : शाळेतल्या हिशेबात बरी असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात कच्ची निघाली. आपल्याकडे आठवडी बाजारात आईशेजारी बसून पावशेर मिरची नि दीड किलो कांद्याचा हिशेब क्षणात सांगणारी मुलगी सोमवारी फळ्यासमोर गप्प उभी राहते, तेव्हा तिला ‘ढ’ ठरवण्याआधी आपण प्रश्न कसा विचारला, तेही एकदा पाहावं.

आपल्या दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत एक फार चांगली गोष्ट आहे आणि तिचं कौतुक कुणी करत नाही. ‘खालील कृती पूर्ण करा’ असं म्हणून उदाहरण अर्धवट सोडवून दिलेलं असतं आणि मुलाने रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. ही मुलांना फुकट गुण देण्याची युक्ती आहे, असं काही पालक आणि शिक्षकही म्हणतात. तसं ते नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की नवशिक्याला कोरं उदाहरण देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर तो लवकर शिकतो, कारण वाट शोधण्यातच त्याची सगळी शक्ती खर्च होत नाही. चौकटींची कृती ही सोडवलेल्या आणि कोऱ्या उदाहरणांच्या मधली पायरी आहे. दुःख एवढंच, की आपण ती परीक्षेपुरती ठेवली. तिची खरी जागा आठवी-नववीच्या वर्गात आहे. आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण, मग दोन चौकटी रिकाम्या, मग पाच आणि शेवटी कोरा कागद. वर्गसमीकरणं अशी शिकवली की मागच्या बाकावरचं मूलही पहिल्याच तासाला काहीतरी बरोबर लिहितं. त्यानंतर त्याचा चेहरा बघावा, निदान त्या तासापुरता तरी तो ताठ बसलेला असतो. हुशार मुलांसाठी मात्र या चौकटी लवकर काढून टाकाव्यात, पुढे त्या चौकटींची त्यांना अडचणच होते.

आता पत्राच्या मुख्य विषयाकडे येते. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची. समाजमाध्यमांवर प्रश्नपत्रिका फुटल्याच्या अफवा पसरू लागल्या, म्हणून २०२३च्या परीक्षेपासून ही सोय बंद झाली. मग पालक-विद्यार्थ्यांच्या मागणीवरून तीच दहा मिनिटं शेवटी जोडून मिळाली. मंडळाची काळजी रास्त होती, पण घड्याळात सारखी दिसणारी ही दहा मिनिटं मुलाच्या दृष्टीने सारखी नाहीत.

बीजगणिताचा पेपर डोळ्यांपुढे आणा. ४० गुण, २ तास. चौथ्या प्रश्नात तीन उदाहरणं, त्यातली कोणतीही दोन सोडवायची, प्रत्येकी चार गुण. पाचव्यात दोनपैकी एक, तीन गुण. हा पर्याय मुलांच्या सोयीसाठी आहे, पण तिन्ही उदाहरणं शांतपणे वाचली तरच त्याचा उपयोग. घाबरलेलं मूल वाचत नाही. शेजारच्या बाकावर पट्टीने समास आखल्याचा आवाज येतो, पुढची मुलगी लिहायला लागलेली दिसते, तेही पेन टेकवतं. समोर पहिलं आलेलं उदाहरण अंकगणिती श्रेढीचं असेल तर तेच घेतं, त्यात वीस मिनिटं अडकतं आणि तिसरं उदाहरण आपल्याला येत होतं हे त्याला शेवटी कळतं. त्या वेळी जास्तीची दहा मिनिटं मिळून काय होणार? पहिल्या पाच मिनिटांत चढलेली भीती दोन तास उतरत नाही. निकालात त्याची नोंद ‘गणितात कच्चा’ एवढीच होते.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. प्रश्नपत्रिका अकरालाच वाटावी, म्हणजे फुटीची धास्ती वाढणार नाही. अकरा ते अकरा दहा पेनं खाली. सगळ्यांनी फक्त वाचायचं. पेपर आताप्रमाणेच एक दहाला संपेल. लिहायला दहा मिनिटं कमी पडतील अशी हरकत येईल, पण लिहिण्याची वेळ २०२३पूर्वीही दोन तासच होती. ‘ज्याला वाचायचंय त्याने आजही आधी वाचावं, कोण अडवतंय?’ असंही कुणी विचारेल. अडवतं ते शेजारी चालणारं पेन. म्हणूनच हा नियम सगळ्यांना सारखा लागू हवा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत वाचायला १५ मिनिटं वेगळी मिळतात. एकाच गावातल्या दोन मुलांत हा फरक का असावा?

मंडळाचा निर्णय होईपर्यंत शाळांनी थांबायचं कारण नाही. पूर्वपरीक्षा शाळाच घेतात, तिथे हे यंदाच करून पाहता येईल. जोडीला आणखी एक गोष्ट सुचवते. २०११ साली जेरार्डो रामिरेझ आणि शियन बायलॉक यांनी नववीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटं आपल्या मनातली भीती कागदावर लिहायला लावली. नेहमी जास्त धास्तावणाऱ्या मुलांना त्या परीक्षेत अधिक चांगले गुण मिळाले. पूर्वपरीक्षेच्या दिवशी मुलांना एकेक पाठकोरा कागद द्यावा. त्यांनी लिहावं, घडी घालून खिशात ठेवावं. शिक्षकांनी तो वाचू नये, मागू नये आणि घरी कळवू तर मुळीच नये. मग प्रश्नपत्रिका वाटावी आणि दहा मिनिटं वर्गात कुणालाही पेन उचलू देऊ नये, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलालासुद्धा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, जि. सातारा