धुतलेला गिअरबॉक्स आणि उपटलेली पट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑटोमॅटिक गाड्यांचे नागपुरात आता कोणाला नवल राहिलेले नाही, आणि वॉरंटी संपलेल्या अशा गाड्यांचे गिअरबॉक्स आमच्याकडे दुरुस्तीला येऊ लागले आहेत. नव्या बॉक्सची किंमत ऐकून मालक बिचकतो आणि मग भंगारातला जुना बॉक्स, म्हणजे आमच्या बोलीतला 'कोअर', आणून तो नव्याने बांधून घेण्याचे ठरते. यात गैर काही नाही; फक्त कोअर निवडताना नजर नको तिथे जाते.

ऑटोमॅटिक या एकाच शब्दाखाली टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) बॉक्स, पट्टा आणि पुलीवर चालणारा सीव्हीटी, दोन क्लचचा बॉक्स आणि साध्या गिअरबॉक्सवर यंत्रणा बसवून केलेला एएमटी, अशी चार निराळी यंत्रे विकली जातात. शिवाय एकाच नावाच्या गाडीत इंजिनाप्रमाणे किंवा सालाप्रमाणे बॉक्स बदललेला असू शकतो. म्हणून 'अमुक गाडीचाच आहे' एवढ्यावर विसंबू नये. हाऊसिंगवरच्या, म्हणजे बाहेरच्या कवचावरच्या, पट्टीवरील कोड, ऑइल चेंबरचा, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याचा, आकार व बोल्ट, वायरिंगच्या सॉकेटमधल्या पिना हे सारे आपल्या बॉक्सशी जुळवून पाहावे. पट्टी उपटलेली असेल तर मी तो माल उचलत नाही.

जळक्या वासाच्या काळ्या तेलाला मात्र ग्राहक उगाच घाबरतात. क्लच प्लेटा, सील, गॅस्केट आणि फिल्टर बांधणीत नवेच पडतात. आपण पैसे मोजतो ते हाऊसिंग, पंप, ड्रम, प्लॅनेटरी गिअर आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) यांसाठी. चेंबर खोलून आतले चुंबक बोटाने पुसावे. मऊ राखाडी लेप लागला तर ती नेहमीची झीज. बेअरिंगच्या सुया किंवा धातूचे तुकडे निघाले तर तो बॉक्स तिथेच सोडावा.

पाण्याची गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरातल्या कित्येक गाड्या पाण्यात होत्या. पाणी ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून, बॉक्समध्ये शिरते. नुकताच माझ्या एका ग्राहकाने, बाहेरून धुऊन चंदेरी रंग मारलेला, 'कमी चाललेला' म्हणून विकलेला कोअर आणला. चेंबर उघडले तर तेल गुलाबी दुधाळ! आम्हा वैदर्भीयांच्या ताटात सोलकढी क्वचितच येते, पण रंग नेमका तोच. बेअरिंग गंजलेले, व्हॉल्व्ह जागीच अडकलेले. विक्रेत्याने पावती दिली नव्हती, त्यामुळे भांडायलाही कागद नव्हता.

मागणी करूनही पावती न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रार करता येते, हे ग्राहकांनी ध्यानात ठेवावे. विक्रेत्यांना विनंती एवढीच की, पावतीवर बॉक्सचा कोड, मूळ गाडीचा चासी क्रमांक आणि गाडी पाण्यात होती की नाही, या तीन गोष्टी लिहून द्याव्यात आणि सौदा होण्यापूर्वी चेंबर खोलू द्यावे.

आपला,
एक गॅरेजचालक, नागपूर