फेडर एकत्र की आवाज एकत्र? एका प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाण्याचे अडलेले मिक्स (सगळ्या आवाजांची एकत्र जुळणी) आपण दोन तास फोनवर बसून सोडवून दिलेत, त्याला आता महिना झाला. त्या दिवशी मी घाईघाईने आभार मानून फोन ठेवला. आपण नेमके काय दिलेत हे त्यानंतर काम करताना रोज थोडे थोडे उमगत गेले, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण एकट्याने ध्वनिमुद्रण शिकणारे अनेकजण मी अडलो होतो तिथेच अडत असतील.

माझ्या प्रोजेक्टमध्ये ४६ ट्रॅक होते, त्यांतले १२ एकट्या कोरसचे. ते सगळे निवडून मी त्यांचा ग्रुप केला होता आणि एक फेडर (आवाजाची पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) ओढला की बाकीचे हलतात, यालाच बस म्हणतात अशी माझी समजूत होती. पूर्ण कोरसला मिळून कॉम्प्रेसर (मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारे साधन) कुठे लावायचा हे सापडेना, तेव्हा बाराही ट्रॅकवर एकेक लावून मोकळा झालो होतो. आपण स्क्रीन पाहिलीत आणि एवढेच विचारलेत: "तुम्हाला फेडर एकत्र हलवायचे आहेत, की आवाज एकत्र करायचा आहे?"

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मला ठाऊक नव्हते. ग्रुप केल्याने फक्त फेडर, म्यूट, सोलो यांची एकमेकांशी गाठ बसते. प्रत्येक ट्रॅकचा आवाज मात्र पूर्वीसारखाच आपापल्या वाटेने मास्टरकडे, म्हणजे शेवटच्या एकत्रित आवाजाकडे, जात राहतो. बसमध्ये आवाज खरोखर मिसळतो, बारा गळ्यांची बेरीज होते आणि तिथला कॉम्प्रेसर त्या बेरजेकडे पाहून काम करतो. माझे बारा कॉम्प्रेसर एकमेकांचे काहीच ऐकत नव्हते: एका गायिकेने आवाज चढवला की तिचाच ट्रॅक दाबला जाई आणि बाकीच्या अकरा जणांना त्याचा पत्ताही नसे. आपण ते सगळे काढायला लावलेत, बसवर एकच ठेवलात आणि थ्रेशोल्ड (जिथून दाबणे सुरू होते ती पातळी) असा लावायला सांगितलात की किती दाबले ते दाखवणारी सुई दोन-तीन डेसिबलपलीकडे जाऊ नये. पहिल्यांदाच तो कोरस एका खोलीत उभा राहून गातो आहे असे वाटले.

पण मी सर्वाधिक ऋणी आहे ते रिव्हर्बच्या, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याच्या, गुंत्याबद्दल. दुसऱ्या कडव्यात कोरस मागे न्यायचा होता, म्हणून मी बसचा फेडर आठ डेसिबल खाली घेतला. शब्द मागे गेले खरे, पण त्यांचा घुमारा होता तेवढाच राहिला. गाणारे निघून गेल्यावर रिकाम्या सभागृहात नुसता प्रतिध्वनी रेंगाळावा तसे ते ऐकू येत होते. मी रिव्हर्बचे प्लगइन बदलून पाहिले, त्याची लांबी कमी केली, काहीच जमेना. दोष प्लगइनचा नव्हताच. सेंड (आवाजाची प्रत रिव्हर्बकडे नेणारी वाट) प्रत्येक ट्रॅकवरून निघत होते, आणि पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरनंतर निघणारा, सेंड आपल्या ट्रॅकच्या फेडरचे ऐकतो, पुढे बसवर काय घडते याच्याशी त्याचा संबंध नसतो. बारा ट्रॅकचे फेडर जागेवरच असल्याने रिव्हर्बला जाणारा आवाज तसूभरही कमी झालेला नव्हता. साऱ्या कोरसला एकाच प्रकारचा रिव्हर्ब हवा आहे ना, मग सेंड बसवरूनच काढा, असे आपण सुचवलेत आणि दोन मिनिटांत प्रश्न मिटला.

प्रत्येक आवाजाला रिव्हर्बचे वेगळे प्रमाण हवे असेल तर व्हीसीए (अनेक ट्रॅकची पातळी एकदम बदलणारा फेडर) वापरा, हेही आपण तेव्हाच सांगितलेत. पूर्वीच्या ॲनालॉग कन्सोलमध्ये व्हीसीए फेडरमधून आवाज जातच नसे. तो फक्त व्होल्टेज पाठवून त्या त्या चॅनलची पातळी बदलत असे, आणि सॉफ्टवेअरमध्ये नावासकट तीच कल्पना आली आहे. त्याने ट्रॅकचीच पातळी उतरते, म्हणून पोस्ट-फेडर सेंडही सोबत उतरतात. मात्र त्याच वेळी बसच्या कॉम्प्रेसरकडे पोहोचणारा आवाजही कमी होतो आणि तो कमी दाबू लागतो. बसचा फेडर कॉम्प्रेसरच्या नंतर येत असल्याने तिथे असे होत नाही. माझ्या मते हा फरक पहिल्याच दिवशी शिकवला पाहिजे, कारण तो माहीत नसेल तर माणूस विनाकारण प्लगइनवर संशय घेत बसतो.

ड्रम्सच्या बाबतीत माझी चूक उलटी होती. तिथे बस नीट होती, पण संपादनासाठी ग्रुप नव्हता. एक स्नेअर उशिरा पडला म्हणून मी एकट्या स्नेअरचा तुकडा थोडा आधीच्या जागी सरकवला आणि ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर टांगलेल्या) माइकमध्ये तोच ठोका जुन्या जागी राहिला, त्यामुळे एका ठोक्याचे दोन ऐकू येऊ लागले. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, आणि माइकमाइकमधले हे छोटे अंतर आठही ट्रॅकवर होते तसेच राहिले पाहिजे, हे आपण समजावलेत. त्या दिवसापासून ड्रम्सचे आठ ट्रॅक मी एकत्रच कापतो आणि एकत्रच सरकवतो.

बास गिटारच्या बसचे म्यूट दाबूनही बास वाजत राहिला, हे ऐकताच रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकची मास्टर सेंडची खूण काढायची राहिली आहे, हे आपण न पाहता ओळखलेत. बसकडे सेंड मी हाताने जोडला होता, पण मास्टरकडची थेट वाट बंदच केली नव्हती. आवाज दोन्हीकडून पोहोचत होता. फोल्डर केला असता तर त्याच्या आतल्या ट्रॅकचा आवाज आपोआप फोल्डरच्या ट्रॅकमधूनच गेला असता, हेही तेव्हाच कळले.

काल नवे प्रोजेक्ट उघडले. एकाही ट्रॅकला हात लावण्यापूर्वी बस तयार केल्या, त्यांना नावे दिली, सेंड कुठून निघतील ते ठरवले आणि मग एकेक बस म्यूट करत गेलो. शेवटची बस म्यूट केली तेव्हा मास्टरचा मीटर पूर्ण खाली होता, आणि त्या शांततेत मला आपला प्रश्न जसाच्या तसा आठवला. आपल्या त्या दोन तासांबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
घरी ध्वनिमुद्रण शिकणारा एक विद्यार्थी