समांतर आयात म्हणजे बनावट माल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाजारातल्या छाप्यांच्या बातम्यांत ‘ग्रे मार्केटचा माल’ आणि ‘बनावट माल’ एकाच दमात उच्चारले जातात. संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे हे वाचून मला फार वाईट वाटते. बनावट मालावर दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का असतो. त्यावर कडक कारवाई व्हायलाच हवी. समांतर आयातीचा, म्हणजेच ग्रे मार्केटचा माल मात्र मूळ कंपनीनेच बनवलेला आणि परदेशात रीतसर विकलेला असतो. कंपनीच्या इथल्या अधिकृत वितरकाला वगळून दुसऱ्याच व्यापाऱ्याने तो सीमाशुल्क भरून आणलेला असतो, इतकेच.

यावर दिल्ली उच्च न्यायालयात मोठा खटला झाला. सॅमसंगचे प्रिंटर बाहेरून आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध कंपनीने तो लढवला. फेब्रुवारी 2012 मध्ये एकल न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो फिरवला. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा, 1999 च्या कलम 30(3) मधला ‘बाजार’ केवळ भारतापुरता नाही, जगात कुठेही कंपनीच्या संमतीने माल एकदा विकला गेला की पुढची विक्री तिला व्यापारचिन्हाच्या जोरावर अडवता येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. त्याच वर्षी मे महिन्यात सीमाशुल्क विभागाच्या परिपत्रकानेही अशा आयातीला मुभा दिली होती, मालाच्या स्थितीत फेरफार झालेला नसावा या अटीवर. युरोपात असे नाही. तिथल्या न्यायालयाने 1998 मध्ये चष्म्याच्या फ्रेमच्या खटल्यात बाहेरून आलेला माल अडवण्याचा कंपनीचा हक्क मान्य केला. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ‘ट्रिप्स’ कराराने हा निर्णय प्रत्येक देशावर सोडला आहे आणि आपल्या न्यायालयाने घेतलेली भूमिका मला ग्राहकाच्या हिताची वाटते. एकाच वितरकाच्या हाती किल्ली राहिली की तो सांगेल ती किंमत मोजावी लागते.

खरी अडचण गिऱ्हाइकाच्या घरी सुरू होते. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेले यंत्र 110 व्होल्टचे निघते. काही प्रिंटरना त्या-त्या प्रदेशासाठी बनवलेलेच कार्ट्रिज चालते, इथे घेतलेले ते स्वीकारतच नाहीत. सर्व्हिस सेंटरवाले सिरीयल नंबर बघून यंत्र परत पाठवतात. कलम 30(4) प्रमाणे मालाची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल तर कंपनी हरकत घेऊ शकते. पण इथे कुणी काही बदललेलेच नसते, माल मुळातच दुसऱ्या देशासाठी बनलेला असतो. कंपनीला तक्रारीला जागा नाही आणि गिऱ्हाइकाला तर आधी कुणी सांगितलेलेच नसते. माझ्याकडे असे यंत्र घेऊन येणारे बहुतेक जण विद्यार्थी किंवा छोटे झेरॉक्सवाले असतात. त्यांचे पैसे अडकलेले बघवत नाहीत.

खंडपीठाने त्या व्यापाऱ्यांना दुकानात ठळक फलक लावायला सांगितले होते : हा माल आयात केलेला आहे, त्याला सॅमसंगची वॉरंटी नाही, विक्रीनंतरची सेवा आम्ही स्वतः देऊ. तो आदेश त्या खटल्यातल्या पक्षकारांपुरता होता. लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यापासून ऑनलाइन विक्रेत्यापर्यंत सगळ्यांना तो लागू व्हावा, यासाठी केंद्र सरकारने नियम करावा. फलक मराठीत असावा. वॉरंटी कोण देणार, यंत्र किती व्होल्टचे आहे आणि त्याला लागणारे कार्ट्रिज इथे मिळते का, हे बिलावर लिहून द्यावे. आणि कलम 30(3) मध्ये दुरुस्ती करून ‘भारतात वा भारताबाहेर’ असे स्पष्ट नमूद करावे, म्हणजे रीतसर माल आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोक्यावर दाव्याची टांगती तलवार राहणार नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली