यादी घरी ठेवून जा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "पुस्तक हवं असलं की मोबाईलवरून मागवतो, दोन दिवसांत घरपोच. दुकानात जायला वेळ कुणाला आहे, आई?" तू घाईत होतास म्हणून मी विषय वाढवला नाही. पण मला त्यावर बरंच बोलायचं आहे आणि ते फोनवर नीट जमायचं नाही.

लेखक ठाऊक आहे, पुस्तकाचं नाव ठाऊक आहे, तर खुशाल घरी मागव. त्यासाठी वणवण करण्यात अर्थ नाही. मला काळजी आहे ती तुला नावही ठाऊक नसलेल्या पुस्तकांची. ती तू शोधणार कशी? आणि मोबाईल आपणहून जे सुचवतो ते तू आधी घेतलेल्या पुस्तकांच्या आसपासचंच असतं. दुकानातल्या कपाटाला तुझी आवडनिवड माहीत नसते. ते येईल त्याच्यापुढे सारखंच उभं असतं, म्हणून तिथे एखादा सर्वस्वी परका विषय तुझ्या हाताला लागू शकतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव तू ऐकलं असशील. मूळचे गणिताचे प्राध्यापक, म्हणजे तुझ्याच विषयातले. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असं सांगतं. तिसरं त्याच्या उलट बाजूने येतं: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. हे तिसरं सूत्र मला फार मोठं वाटतं. त्यात पुस्तक वाचकाची वाट बघतंय, आणि दोघांची गाठ पडावी अशी व्यवस्था करणं हे माणसांचं काम आहे. म्हणून तर कपाटं खुली असावीत, वाचकाने स्वतः त्यांच्यामधून हिंडावं, हा त्यांचा आग्रह होता. चांगलं पुस्तकांचं दुकान नेमकं हेच करतं.

मी गेल्या वर्षी पक्ष्यांच्या कपाटापाशी थांबले ती केवळ शेजारच्या कपाटापुढे गर्दी होती म्हणून. हाती आलेलं पुस्तक स्थलांतरावर होतं. आर्क्टिक टर्न नावाचा जेमतेम 100 ग्रॅम वजनाचा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि परत येतो, सरासरी सुमारे 70,000 किलोमीटर, हे मी तिथे उभ्याउभ्या वाचलं. मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, कळावं अशी इच्छाही कधी झाली नव्हती. आता होते. हे पुस्तक मी मागवलं असतं का? त्याची गरज आहे हेच मला माहीत नव्हतं.

तर दुकानात कसं हिंडावं, ते सांगते. आधी मान जराशी उजवीकडे कलवून नुसते कणे, म्हणजे पुस्तकांच्या बांधलेल्या कडेवरची नावं, वाचत जायचं. (इंग्रजी पुस्तकांच्या कण्यावरचं नाव वरून खाली छापतात, फ्रेंच पुस्तकांचं बहुधा खालून वर, म्हणजे तिकडचे वाचक मान डावीकडे कलवत असणार! आणि पूर्वी युरोपात कित्येक ग्रंथ कणा आत आणि पानांची कड बाहेर अशा रीतीने ठेवत.) पुस्तक काढलंस की मलपृष्ठावर फार विसंबू नकोस, तिथे प्रत्येक पुस्तक थोरच असतं. पहिलं पान वाच, आणि मग मधलं कुठलंही. पहिल्या पानावर लेखकाने खूप मेहनत घेतलेली असते, त्याचा खरा आवाज मधल्या पानावर ऐकू येतो. माहितीपर पुस्तक असेल तर शेवटची सूची चाळ. अनुवाद असेल तर अनुवादकाचं मनोगत आवर्जून वाच. भाषेवर किती जीव लावलाय ते त्या दोन पानांत कळतं.

पुस्तक वस्तू म्हणूनही बघायला शिक. शिलाईची बांधणी असेल तर वरच्या कडेने पाहिल्यावर कण्यापाशी घड्यांचे छोटे छोटे गठ्ठे दिसतात. ते फर्मे, एका मोठ्या कागदाला घड्या घालून केलेले, पुष्कळदा 16 पानांचे. अशी पुस्तकं उघडून ठेवली तर सहसा मिटत नाहीत आणि पुष्कळ वाचली तरी त्यांची पानं सहजी सुटत नाहीत. मागच्या आयएसबीएनशी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाशी, तर तू खेळच: 13 आकड्यांपैकी पहिला तसाच घ्यायचा, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, असं करत बेरीज केलीस की तिला 10 ने पूर्ण भाग जातो. नोंदताना आकडा चुकला तर लक्षात यावं म्हणून शेवटचा आकडा तसा बेतलेला असतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात नुसते 10 आकडे दिसले तर पुस्तक बहुधा 2007 च्या आधी छापलेलं, हे ओळखावं. तिथला तो वासही छातीभरून घे. कागदातल्या लाकडाचं लिग्निन वर्षानुवर्षं विघटित होत राहतं, त्यातून हवेत येणाऱ्या द्रव्यांमध्ये व्हॅनिलिन असतं, व्हॅनिलाला सुगंध देणारं तेच.

हे सगळं आपल्याला परवडतं, हातात मावतं, याचंही मला अप्रूप आहे. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने 1501 मध्ये अभिजात ग्रंथ छोट्या आकारात छापायला सुरुवात केली, तेव्हा विद्वत्ता मेजावरून उठून माणसाबरोबर प्रवासाला निघाली. 1935 मध्ये अ‍ॅलन लेन यांनी पेंग्विनची कागदी बांधणीची स्वस्त पुस्तकं काढली. कादंबरीला नारिंगी, गुन्हेकथेला हिरवा, चरित्राला गडद निळा. नावं वाचण्याआधी नुसत्या रंगावरून कपाट ओळखू यावं, ही केवढी वाचकाची कदर!

दुकानदाराशी बोलायला संकोच करू नकोस. "मला अमुक आवडलं, आता काय वाचू?" एवढं विचारलं तरी चांगल्या विक्रेत्याचे डोळे चमकतात. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी 1919 साली दुकान काढलं होतं, त्या पुस्तकं वाचायलाही देत. पुढे मोठा लेखक झालेला तरुण हेमिंग्वे पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा त्याच्याजवळ वर्गणीपुरते पैसे नव्हते. बाईंनी त्याला पुस्तकं नेऊ दिली, पैसे सवडीने दे म्हणाल्या. ही आठवण त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. अशी माणसं अजून असतात. म्हणून एक मात्र माझं ऐक: ज्या दुकानात तासभर पुस्तकं चाळलीस, तिथून मुखपृष्ठाचा फोटो काढून दुसरीकडे स्वस्तात मागवू नकोस. ती कपाटं कुणीतरी भाडं भरून, निवड करून आपल्यासाठी लावलेली असतात.

राहिला वाचायला वेळ नसण्याचा प्रश्न. आणलेलं प्रत्येक पुस्तक संपवलंच पाहिजे हे ओझं मनावर असतं, म्हणून वेळ नाही असं वाटतं. पन्नास पानांत जीव रमला नाही तर मिटून ठेव. दहा वर्षांनी तेच पुस्तक उघडशील तेव्हा तू वेगळा असशील. न वाचलेली पुस्तकं घरात असू दे, त्यांची लाज वाटू देऊ नकोस. एखाद्या आजारपणात, एखाद्या झोप न येणाऱ्या रात्री त्यातलंच एक हाताशी येतं.

आणि वाचताना घाई करू नकोस. ओळीवरून नजर सरळ सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती उड्या मारते आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबते. वाचनाचं सगळं काम त्या थांब्यांमध्ये होतं. चौथ्या शतकात संत ऑगस्टीनने बिशप अँब्रोजला वाचताना पाहिलं आणि आवर्जून लिहून ठेवलं की त्यांचे डोळे पानावर फिरत होते, मन अर्थ शोधत होतं, पण जीभ स्थिर होती, म्हणजे ते मनातल्या मनात वाचत होते. लोक भेटायला येऊन बसत आणि त्यांची ती तंद्री मोडायला नको म्हणून न बोलता निघून जात. गर्दीत राहून आपल्यापुरता एकांत मिळवायची ही सोय तुला त्या धकाधकीत फार लागेल, असं मला सारखं वाटतं.

तेव्हा या रविवारी जा. आधी ठरवलेली यादी घरी ठेव, मोबाईल खिशात ठेव, आणि ज्या विषयातलं तुला काहीच कळत नाही त्या कपाटापुढे निदान पंधरा मिनिटं काढ. काही घ्यावंसं वाटलं नाही तरी चालेल. घेतलंस तर आत नाव आणि तारीख घाल, आणि संध्याकाळी फोन करून त्यातलं आवडलेलं एखादं पान मला मोठ्याने वाचून दाखव. मी आठनंतर मोकळीच असते.

तुझी,
आई