मुक्या रेडिओला बोलतं करणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि "आता पुढे काय मोजणार आहेस?" असं विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. नुकतंच जोडून झालेलं, पण गप्प बसलेलं किट समोर ठेवून आज आणखी कुणीतरी बसलं असेल, त्यालाही ते वाचता यावं.

तुम्हाला पहिला फोन केला तेव्हा माझ्या तीन रात्री वाया गेल्या होत्या. 7 मेगाहर्ट्झवर मोर्स ऐकायचं आणि पाठवायचं, हौशी रेडिओचं छोटं किट. सगळे भाग यादीप्रमाणे बसवलेले, सोल्डरचा प्रत्येक ठिपका चकचकीत, आणि हेडफोनमध्ये नुसती बारीक खरखर. मिक्सरची आयसी (अँटेनाचा सिग्नल ऐकू येईल अशा आवाजात आणणारी), एसए 612, डाख देताना जास्त तापून गेली याची मला खात्रीच होती. ती काढायला सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, "गेली असं कोण म्हणतंय? तू की मीटर?" आणि आयर्न बंद करायला लावलंत.

आठ पायांची आयसी नवशिक्या हातांनी उपसली की बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उखडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आयसी तर धडधाकट होती. त्या रात्री तुम्ही थांबवलं नसतं तर एका दोषाचे तीन झाले असते.

मग तुम्ही मला उलट दिशेने चालायला लावलंत, हेडफोनपासून अँटेनाकडे. हेडफोनचा आवाज वाढवणाऱ्या आयसीच्या, एलएम 386 च्या, 6 नंबरच्या पिनवर 12 व्होल्ट, 5 नंबरवर त्याच्या निम्मे, म्हणजे 6. आकडा आधी वहीत, मग फोनवर. 3 नंबरच्या पिनला चिमट्याचं टोक टेकवलं तर कानात घूंऽऽ असा मोठा आवाज. "म्हणजे अर्धा रेडिओ जिवंत आहे," तुम्ही म्हणालात, आणि मला तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

ऑसिलेटर, म्हणजे रेडिओच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग, चालतोय का हे बघायला महागडं उपकरण लागेल असं मला वाटत होतं. तुम्ही साधा शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवायला सांगितलात आणि काटा 7030 किलोहर्ट्झच्या आसपास फिरवायला. मी शीळ शोधत बसले. साध्या रेडिओत शीळ ऐकू येत नाही, तिथली खरखर एकदम दबते, हे तुम्ही सांगितल्यावर दहा सेकंदांत जागा सापडली. ऑसिलेटरही ठीक.

एसए 612 च्या 1 आणि 2 नंबरच्या पिनवर 1.4 व्होल्ट. तेही बरोबर! सगळे आकडे बरोबर आणि रेडिओ बहिरा. इथे माझा धीर सुटला होता, काका. तुम्ही शांतपणे विचारलंत, "अँटेना काढून पुन्हा लाव. खरखर वाढते?" तसूभरही फरक नव्हता. "मग सिग्नल दारातच अडलाय. वीज बंद कर आणि कॉइल तपास."

टोरॉइडवरच्या, म्हणजे कॉइलच्या कडीसारख्या गाभ्यावरच्या, दुसऱ्या गुंडाळीची दोन्ही टोकं जोडणारे पॅड मीटरला लावले. बीप नाही. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो. काही तारांचा आयर्नच्या उष्णतेने जळून जातो, काहींचा आधी खरवडावाच लागतो. माझी तार दुसऱ्या जातीची. सोल्डर तारेभोवती सुरेख सुळक्यासारखं बसलं होतं, पण तांब्याला शिवलंच नव्हतं. आणि व्होल्टेज बरोबर का दिसलं? त्या दोन्ही पिनना व्होल्टेज आयसीच्या आतूनच मिळतं, कॉइल तुटलेली असो वा जोडलेली. हे तुम्ही समजावलंत तेव्हा मला दोष सापडल्यापेक्षा जास्त आनंद झाला. टोक खरवडलं, पुन्हा डाख दिला, अँटेना लावली आणि खोलीत एकाच वेळी चार-पाच जणांचे मोर्स!

ट्रान्समीटरचं थोडक्यात सांगते. 1 किलोओहमचे 20 रेझिस्टर समांतर जोडून 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा नुसता रोध, तुम्ही करवून घेतलात, त्यामुळे हवेत काहीही न सोडता मोजता आलं. शिखर व्होल्टेजचा वर्ग भागिले 100, म्हणजे वॉट. माझे 14 व्होल्ट, म्हणजे जेमतेम 2 वॉट. नको त्या लहरी अडवणाऱ्या फिल्टरच्या कॉइलला 21 वेढे हवे होते. तार भोकातून पहिल्यांदा जाते तोच पहिला वेढा, आणि मी नेमका तो मोजला नव्हता. एक वेढा जास्त म्हणजे फार काय, असं मी म्हटलं. कॉइलचा इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून तुम्ही वर्ग करायला सांगितलंत: 441 आणि 484. इंडक्टन्स जवळजवळ 10 टक्क्यांनी जास्त. सगळ्या कॉइलचा एकेक वेढा सोडवल्यावर मीटरने 19 व्होल्ट दाखवले.

पण मला आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मी एकेक पिन मोजत असताना तुम्ही फोनवर गप्प असायचात. पाच-पाच मिनिटं. कधी "झालं का?" नाही, कधी उसासा नाही. आणि परवा बोलण्याच्या ओघात तुम्ही सांगितलंत की पहिल्याच दिवशी तुम्हाला कॉइलच्या टोकांचा संशय आला होता, कारण अशा किटांत हाच दोष सगळ्यात जास्त सापडतो. क्षणभर मला राग आला. तीन संध्याकाळी घालवल्या, तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असतात! मग वही उघडली. त्या तीन संध्याकाळींचे आकडे होते, प्रत्येक पिनचे. तुम्ही सांगितलं असतंत तर रेडिओ वाजला असता आणि वही कोरी राहिली असती.

दुसरं किट गेल्या आठवड्यात पूर्ण झालं. तेही आधी बोललं नाही, ऑसिलेटर भलत्याच जागी चालत होता. मी तुम्हाला फोन केला नाही. वहीत आकडे लिहीत मागे मागे गेले आणि भिंगाखाली तो कपॅसिटर सापडला. हवा होता 100 पिकोफॅरडचा, आणि त्यावर लिहिलेलंही 100 च होतं. पण 100 म्हणजे 10 पिकोफॅरड, 100 चा हवा तर त्यावर 101 असतं. रात्री उशीर झाला होता, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं.

रविवारी सकाळी 7030 च्या आसपास कान देऊन ठेवा. मी हळूच पाठवेन, माझा वेग अजून कमी आहे.

73 (हौशी रेडिओवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा),
तुमची,
वहीवाली